आधी घर, मग पाणी

पुण्याच्या हद्दीलगत फ्लॅट बघायला गेलेला माणूस लिफ्ट बघतो, पार्किंग बघतो, क्लबहाऊसही बघून येतो. परवानगीच्या फायलीतला एक कागद मात्र त्याला कुणी दाखवत नाही. महापालिकेचे पाणी येईपर्यंत पाण्याची सोय आम्ही स्वखर्चाने करू, असे बिल्डरने लिहून दिलेले ते हमीपत्र. मग सोसायटी स्थापन होते, बिल्डर पुढच्या प्लॉटकडे वळतो आणि टँकरचे बिल मेंटेनन्समध्ये शिरते. एप्रिल उजाडला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी एकच विषय असतो, आज टँकर किती आले. हमीपत्र तेव्हा कुठल्या कपाटात आहे, हे कुणी विचारत नाही.

शहरे बिघडली की आपण नियोजन नाही म्हणून हळहळतो. मला ते पटत नाही. नियोजन रग्गड आहे. 1966 चा प्रादेशिक व नगररचना कायदा आहे, विकास आराखडे आहेत, पूररेषा आहेत, टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे. बिघडला आहे तो क्रम. पाणी, सांडपाणी आणि रस्ता आधी, घर नंतर, हे साधे गणित आपण उलटे मांडतो आणि मग उत्तर चुकले म्हणून कपाळाला हात लावतो.

पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा 1987 चा. त्याची वीस वर्षांची मुदत 2007 ला संपली आणि सुधारित आराखड्याला मंजुरी मिळाली जानेवारी 2017 मध्ये. मधली दहा वर्षे शहर काही हात बांधून बसले नव्हते. हद्दवाढीची तऱ्हा तीच. 1997 मध्ये 38 गावे घेतली, 2017 मध्ये 11, 2021 मध्ये 23. गाव हद्दीत येणार अशी नुसती कुणकुण लागली की जमिनीचा भाव चढतो. शेताचे गुंठे पडतात, नोटरीवर व्यवहार होतात, कडेची घरे बोळ अडवून उभी राहतात. मग पालिका येते आणि सगळ्यांच्या मागून आराखडा. तोवर नकाशावरच्या अठरा मीटर रस्त्यात कुणाचा तरी चार मजली संसार थाटलेला असतो. शाळेचे, बागेचे आरक्षण टाकले तरी जागा ताब्यात घ्यायला पालिकेकडे पैसे नसतात. दहा वर्षे उलटली की मालक कायद्याप्रमाणे नोटीस देतो आणि मुदतीत संपादन झाले नाही की आरक्षण उठते.

आंबील ओढ्याची गोष्ट या सगळ्याहून जुनी आहे. कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा हा ओढा एके काळी पेठांमधून वाहायचा. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला पाणी अडवले आणि जमिनीखालच्या दगडी नळातून ते शहरातल्या हौदांपर्यंत आणले. नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले, म्हणजे हवा सुटेल आणि आत उतरून गाळही काढता येईल. पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून ओढ्याचा प्रवाहच शहराबाहेरून वळवला. ओढे वळवणे हे आजच्या बिल्डरांचेच पाप, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. फरक एवढाच, की तेव्हा ओढा वस्तीपासून दूर नेला. नंतर आपण वस्तीच त्याच्यापाशी नेली.

1961 मध्ये पानशेत धरण फुटले. त्या पुरात बेघर झालेल्यांसाठी सहकारनगर, गोखलेनगर अशा भागांत वसाहती झाल्या. मुठा नदीच्या पुरातून उठून आलेली काही कुटुंबे अशी आंबील ओढ्याच्या शेजाराला गेली. पुढे ओढ्यालगत भराव पडले, भिंती उठल्या, ज्यांना दुसरीकडे परवडत नाही त्यांच्या झोपड्या पात्रापर्यंत उतरल्या. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या बाजूला जोरदार पाऊस झाला आणि अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, दांडेकर पूल या पट्ट्यात पाणी घरात शिरले. शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. त्यांतल्या अनेकांना नदीच्या महापुराने नव्हे, एरवी नाला म्हणून नाक दाबून ओलांडल्या जाणाऱ्या प्रवाहाने नेले. नदीची निदान निळी आणि लाल पूररेषा आखलेली असते, पंचवीस वर्षांतून एकदा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ओढ्याच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी सीमाभिंतच येते. सर्व्हे नंबर कुठे संपतो हे पाण्याला कळत नाही, त्याला उतार तेवढा कळतो.

पेशवाईतल्या हौदांचे कौतुक करताना हेही सांगायला हवे, की ते पाणी सगळ्यांसाठी नव्हते. जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा शहरात पाणी आणणे आणि ते माणसांपर्यंत पोचवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांनी दाखवून दिले. आज जात उघड विचारली जात नाही. पण हद्दीलगतच्या इमारतीतला पगारदार टँकर विकत घेतो आणि ओढ्याकाठची बाई हंडा घेऊन नळाची वाट बघते. पूर आला की पहिला तिच्याच दारात. शाश्वत विकास हा शब्द हल्ली सरकारी जाहिरातीत आणि बिल्डरच्या माहितीपत्रकात सारखाच गुळगुळीत झाला आहे. उड्डाणपुलाच्या खांबाला लटकवलेल्या कुंड्या बघून मला तर हसू येते. त्यांना पाणी घालायलाही टँकरच येतो.

क्रम सुलटा लावता येतो, याला पुरावा आपल्याकडेच आहे. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यात सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र घेऊन, रस्ते आणि मोकळ्या जागा काढून, उरलेले आखीव भूखंड प्रत्येकाला परत देण्याची सोय होती. भांबुर्डे म्हणजे आजचे शिवाजीनगर अशाच योजनेतून आकाराला आले. गुजरातने ही पद्धत टिकवली. अहमदाबादच्या 76 किलोमीटरच्या सरदार पटेल रिंग रोडसाठी जागा तिच्यातूनच मिळाली. आपण मधली कित्येक दशके ती बासनात बांधून ठेवली आणि आरक्षण टाकणे-उठवणे एवढाच खेळ चालवला. मगरपट्ट्यात शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र करून स्वतःच वसाहत उभी केली. तिथली घरे सर्वांना परवडणारी नाहीत, हे खरे. पण तुकड्यातुकड्याने विकली असती तर तिथे एवढे सलग रस्ते झाले नसते.

नगररचना योजनेला वेळ लागतो, मालकांची मनधरणी करावी लागते, लवादासमोर वाद चालतात. नगरसेवकाला पाच वर्षांत काही दाखवायचे असते आणि योजना त्याहून लांबते. म्हणून तिचा कंटाळा येतो. पण 2021 मध्ये हद्दीत आलेल्या गावांत भिलारेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी आणि मांगडेवाडी आहेत. आंबील ओढ्याचे पाणी जिथून जमायला लागते तो हा डोंगरउतार. तिथे अजून शेते आहेत, ओघळ डोळ्यांना दिसतात, पावसात पाणी कुठल्या बांधावरून उतरते ते म्हातारे लोक बोट दाखवून सांगतात. तिथे पहिला लेआउट मंजूर होण्याआधी ओढ्यांची पात्रे, काठ आणि डोंगराचे उतार मोजून नकाशावर पक्के केले पाहिजेत, रस्त्यांच्या रेषा त्यानंतर. हे काम एक-दोन पावसाळ्यांत उरकण्यासारखे आहे. टेकडी फोडून सपाट केलेल्या प्लॉटला एकदा बांधकाम परवानगी मिळाली, की खाली दांडेकर पुलापाशी कितीही उंच भिंत बांधली तरी वरून येणारे पाणी कमी होणार नाही.