तीन महिने सगळ्यांचे सारखे नसतात

मराठीत आपण लायसन्स ‘मिळवत’ नाही, ‘काढतो’. खिडकीवर तिकीट काढावं, बँकेतून पैसे काढावेत, तसं अठरा पूर्ण झाली की आरटीओत जाऊन लायसन्स काढायचं. या क्रियापदात एक गृहीतक दडलेलं आहे : वस्तू आपलीच आहे, फक्त सरकारच्या कपाटात पडून आहे. सरकारी मराठी मात्र तिला ‘अनुज्ञप्ती’ म्हणते. अनुज्ञा म्हणजे परवानगी, आणि परवानगी देणारा ती परतही घेऊ शकतो.

मला या परत घेण्याबद्दल लिहायचं आहे. लायसन्स निलंबित झालं किंवा रद्द झालं, तर माणसाकडून नेमकं काय जातं? हक्क, सोय की पोटापाण्याचं साधन? आणि ते सगळ्यांकडून सारखंच जातं का?

इतिहासात एक गंमत आहे. ब्रिटनमध्ये १९०३च्या मोटार कार कायद्याने ड्रायव्हिंग लायसन्स सक्तीचं केलं. पाच शिलिंग भरले की लायसन्स मिळायचं, परीक्षा वगैरे काही नाही. मात्र गुन्हा सिद्ध झाला तर लायसन्स निलंबित करण्याचा अधिकार न्यायालयाला त्याच कायद्याने दिला होता. गाडी चालवता येते की नाही याची सक्तीची परीक्षा आली १९३५मध्ये. म्हणजे लायसन्स कुणाला द्यावं हे नीट ठरवायच्या बत्तीस वर्षं आधी ते काढून कसं घ्यायचं हे ठरलेलं होतं. आपल्याकडे आजही चित्र फार वेगळं आहे असं वाटत नाही. टेस्ट ट्रॅकवर आठचा आकडा काढून लायसन्स मिळालेल्या माणसाची खरी परीक्षा पुढे कधीतरी रस्त्यावर होते, आणि तिचा निकाल बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी लागतो.

भारतात १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १९ लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्याला ते काढून घ्यायचा अधिकार देतं. कारणांची यादी वाचण्यासारखी आहे : सराईत गुन्हेगार असणं, दारूचं किंवा अमली पदार्थांचं व्यसन, गुन्ह्यासाठी गाडी वापरणं, खोटी माहिती देऊन लायसन्स मिळवणं, आधीच्या ड्रायव्हिंगवरून लोकांना धोका दिसणं. अधिकारी ठरावीक काळासाठी अपात्र ठरवू शकतो किंवा लायसन्स रद्दच करू शकतो. मात्र त्याआधी त्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि कारणं लेखी द्यावी लागतात. आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येतं. कागदावर ही रचना चांगली आहे. २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने राज्यांना सांगितलं की काही गुन्ह्यांसाठी किमान तीन महिने लायसन्स निलंबित करा : अतिवेग, सिग्नल तोडणं, जादा माल, मालवाहू गाडीत माणसं बसवणं, दारू पिऊन चालवणं, चालवताना मोबाइल वापरणं.

तीन महिने. ऐकायला हे दंडापेक्षा न्याय्य वाटतं. हजार रुपयांचा दंड मला एका रात्रीच्या जेवणाइतका, तर दुसऱ्या कुणाची पूर्ण दिवसाची कमाई. पैशातली ही असमानता ओळखून फिनलंडने १९२१पासून उत्पन्नाच्या प्रमाणात दंड लावायला सुरुवात केली. तिथे श्रीमंत माणसाला वेगाची मर्यादा मोडल्याबद्दल हजारो युरो भरावे लागल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. वेळेला असल्या हिशेबाची गरज नाही असं वाटतं. दिवस सगळ्यांचाच चोवीस तासांचा. अंबानींचे तीन महिने आणि रिक्षावाल्याचे तीन महिने कॅलेंडरवर सारखेच.

हिशेब करून बघू. माझं लायसन्स तीन महिने गेलं तर मी दोन दिवस घरून काम करीन, बाकी दिवस कॅब बोलवीन. पार्किंग शोधायचा त्रास वाचेल. आईला डॉक्टरकडे न्यायचं असेल तेव्हा थोडी धावपळ होईल. बस, इतकंच. आणि माझे ते तीन महिने सुरळीत जावेत म्हणून रोज गाडी चालवेल कोण? ज्याचं लायसन्स शाबूत आहे असा दुसरा कुणीतरी.

हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असताना एका कॅबवाल्या काकांशी या विषयावर बोलणं झालं. चालवताना फोनला हात लावला म्हणून त्यांचं लायसन्स तीन महिने निलंबित झालं होतं. ज्या फोनला हात लावायचा नाही, त्याच फोनवर भाडं येतं आणि ते काही सेकंदांत स्वीकारावं लागतं. नाहीतर भाडं दुसऱ्याकडे जातं. त्या तीन महिन्यांत त्यांनी गाडी पुतण्याला चालवायला दिली आणि स्वतः एका सोसायटीत रात्रपाळीचं वॉचमनचं काम धरलं. गाडीचा हप्ता मात्र थांबला नाही. ते म्हणाले, “चूक झाली ती झाली, दादा. पण तुमच्या ऑफिसात चुकलं तर तीन महिने लॅपटॉप काढून घेतात का?”

मला उत्तर देता आलं नाही. आमच्या चुकीने सर्व्हर बंद पडतो, तेव्हा मीटिंग होते, कारणं शोधली जातात आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून सिस्टिममध्ये बदल होतो. माणसापेक्षा व्यवस्था दुरुस्त करायची, ही आमच्या धंद्याची शिकवण आहे. मग फोनवरच सगळा धंदा चालवणारी व्यवस्था तशीच ठेवून त्या काकांचंच लायसन्स का काढायचं?

ही तक्रार घेऊन मी मामाकडे गेलो. मामाने एसटीत एकतीस वर्षं गाडी चालवली आणि आता निवृत्त आहे. तो ड्रायव्हरची बाजू घेईल अशी माझी खात्री होती. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “कुणाच्या पोटावर पाय देऊ नये, हे खरं. पण फोनकडे बघता बघता ज्याच्या अंगावर गाडी घातली, त्याला पोट नसतं का? आपलं पोट स्टिअरिंगवर आहे म्हटल्यावर आपण दुप्पट जपायला पाहिजे. मागं पन्नास माणसं बसलेली असतात.”

मला मामाचं म्हणणं माझ्यापेक्षा जास्त पटलं. पण काकांचंही खोटं वाटेना. दोघांचंही बरोबर कसं असू शकतं याचा बरेच दिवस विचार केला, तेव्हा लक्षात आलं की आपण एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी करतोय.

पहिली गोष्ट म्हणजे धोका दूर करणं. आपल्याकडे फिट येणाऱ्या माणसाला लायसन्स देत नाहीत. अर्जासोबतच्या आरोग्याच्या घोषणापत्रातच तसा प्रश्न असतो. त्या माणसाने कुठलाही गुन्हा केलेला नसतो. कदाचित तो आपल्या सगळ्यांपेक्षा सज्जन असेल. तरीही आपण नाही म्हणतो, कारण रस्ता त्याचा एकट्याचा नाही. इथे शिक्षेचा संबंधच नाही, म्हणून शिक्षा कमी की जास्त हा प्रश्नही येत नाही. दारू पिऊन पुन्हापुन्हा गाडी चालवणाऱ्याचं लायसन्स जातं तेही मूळ याच कारणाने जायला हवं. तो इंजिनिअर असो की टेम्पोवाला, त्याचा हप्ता थकेल की नाही हे तिथे विचारायचं कारण नाही. समोरून येणाऱ्या मुलीला त्या हप्त्याशी काही देणंघेणं नसतं. मामा या गोष्टीबद्दल बोलत होता.

दुसरी गोष्ट म्हणजे लायसन्सला हाताशी सापडलेली काठी म्हणून वापरणं. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ ड नुसार हेल्मेट नसेल तर हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांची अपात्रता आहे. हेल्मेट घालायलाच हवं, यात वाद नाही. पण हेल्मेट न घालणारा मुख्यतः स्वतःचं डोकं धोक्यात घालतो. जेवणाची पाकिटं पोचवणाऱ्या मुलाला आपण सांगतो की तुझ्या जिवाची आम्हाला काळजी आहे, म्हणून तुझी तीन महिन्यांची कमाई बंद. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत याहून पुढची पायरी होती. दंड भरला नाही की लायसन्स निलंबित. तिथल्या बहुतेक गावांत गाडीशिवाय कामावर पोचता येत नाही. काम नाही तर पैसे नाहीत, पैसे नाहीत तर दंड तसाच. निलंबित लायसन्सवर गाडी काढली की नवा गुन्हा. कॅलिफोर्नियाने न भरलेल्या दंडासाठी लायसन्स निलंबित करणं २०१७मध्ये बंद केलं, पुढे आणखी काही राज्यांनीही. तिथे प्रश्न सुरक्षिततेचा कधी नव्हताच, वसुलीचा होता.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९७१मध्ये एका पाद्र्याचा खटला आला होता. तो जॉर्जिया राज्यातल्या तीन खेड्यांत गाडीने फिरून धर्मकार्य करायचा. त्याच्या गाडीला एका लहान मुलीची सायकल येऊन धडकली. त्याच्याकडे विमा नव्हता, तेव्हा नुकसानभरपाईची हमी दे, नाहीतर लायसन्स जाईल, असं राज्याने सांगितलं. चूक त्याची होती का, हे कुणी विचारायलाच तयार नव्हतं. न्यायालय म्हणालं की एकदा दिलेलं लायसन्स माणसाच्या उपजीविकेसाठी आवश्यक होऊ शकतं, त्यामुळे योग्य सुनावणी न घेता ते काढून घेता येणार नाही. लायसन्स हा हक्क की सवलत, या वादात ते फार अडकलं नाही. माणसाचं आयुष्य त्यावर उभं आहे ना, मग काढून घेण्याआधी त्याचं ऐका, इतकं साधं सूत्र.

मग शिक्षा म्हणून लायसन्स काढायचं असेल तर प्रत्येकाची परिस्थिती बघावी का? ब्रिटनमध्ये तीन वर्षांत बारा पेनल्टी पॉइंट झाले की किमान सहा महिन्यांची बंदी येते. पण ‘असाधारण हाल’ होतील असं न्यायालयाला पटवता आलं तर सूट मिळू शकते. ऐकायला दयाळू आहे. पण पटवून कोण देऊ शकतं? ज्याला वकील परवडतो तो. आणि हाल इतरांचे होणार असतील तर त्यांचंही वजन धरलं जातं, म्हणजे ‘मी गाडी चालवली नाही तर माझ्या कंपनीतले लोक बेकार होतील’ असं मालक म्हणू शकतो. त्या कंपनीतल्या डिलिव्हरीवाल्याच्या मागे सांगायला फक्त स्वतःचं घर असतं. दयेची खिडकी उघडली की तिथेही रांगेत पुढे तोच पोचतो, जो आधीपासून पुढे आहे.

मला सगळ्यात जास्त खटकते ती गोष्ट मात्र कायद्याच्या पुस्तकात नाही, अंमलबजावणीत आहे. आमच्या कामात कुणी टीम बदलली की त्याच दिवशी त्याचा अ‍ॅक्सेस काढतात. त्यात अपमान नसतो. पण त्याला अर्थ असतो, कारण प्रत्येक दारावर तपासणी होते. रस्त्याला असं दार नाही. गाडी चावीने सुरू होते, लायसन्सने होत नाही. कॅमेरा नंबर प्लेट वाचतो आणि चलान गाडीच्या मालकाला जातं. आत कोण बसलं होतं हे त्या चलानाला ठाऊक नसतं. अपात्र असताना गाडी चालवली तर दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, पण त्यासाठी कुणीतरी थांबवून विचारावं लागतं. कॅबवाल्याला, ट्रकवाल्याला विचारतात. त्याची कंपनी विचारते, मालक विचारतो. शिवाय तो दिवसाचे बारा तास रस्त्यावर असतो, म्हणजे सापडण्याची शक्यताही तितकीच जास्त. आठवड्याला शंभर किलोमीटर चालवणाऱ्याची एक चूक आणि हजार किलोमीटर चालवणाऱ्याची एक चूक आपण सारखीच मोजतो. स्वतःच्या गाडीतून ऑफिसला जाणारा माणूस निलंबनाचे तीन महिने आरामात गाडी चालवून काढू शकतो. म्हणजे हा आदेश खऱ्या अर्थाने बांधतो त्यालाच, ज्याची रोजीरोटी त्या कार्डावर आहे.

मे २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शने मोटरसायकलवरच्या दोघांचा जीव घेतला. दोघेही आयटीतले, जवळपास माझ्याच वयाचे. गाडी चालवल्याचा आरोप ज्याच्यावर होता तो सतरा वर्षांचा. अशा प्रकरणांसाठी कलम १९९ अ आहे : पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. ही शेवटची तरतूद ऐकून आमच्या ग्रुपवर सगळे भडकले होते. इतकंच? ज्याच्या घरी पगारी ड्रायव्हर आहे, त्याचं लायसन्सवाचून काय अडणार?

तो राग खरा होता, पण तो चुकीच्या तरतुदीवर निघत होता. पंचविशीपर्यंत लायसन्स न देणं हे रस्त्यावरचा धोका कमी करण्यासाठी आहे. त्याने त्या मुलाला त्रास होतो की नाही, हा मुद्दाच नाही. फिट येणाऱ्या माणसाच्या बाबतीत तरी आपण कुठे विचारतो? शिक्षा हे वेगळं काम आहे. त्यासाठी न्यायालय आहे, खटला आहे, दोष सिद्ध करणं आहे. ते काम वेळेवर आणि भरवशाने होत नाही म्हणून आपण त्याची भूक लायसन्सवर भागवू पाहतो. श्रीमंताच्या बाबतीत ती भागत नाही, आणि गरिबाच्या बाबतीत गरजेपेक्षा जास्त भागते.

म्हणून लायसन्स काढून घेण्याआधी एकच प्रश्न विचारला जावा असं मला वाटतं : हा माणूस उद्या सकाळी गाडी घेऊन निघाला तर इतरांना धोका आहे का? असेल तर लायसन्स काढा, पोटापाण्याचा विचार न करता काढा, आणि प्रत्येकाचं काढलं जातंय याची तपासणी करा. परत देताना प्रशिक्षण द्या. उजळणी अभ्यासक्रमाची तरतूद २०१९पासून कायद्यातच आहे. धोका नसेल तर दंड करा, जमलं तर उत्पन्नाच्या प्रमाणात करा, पण कार्डाला हात लावू नका.

या कसोटीवर त्या कॅबवाल्या काकांचं काय? चालत्या गाडीत फोनकडे बघणं हा इतरांना धोकाच आहे, त्यामुळे माझ्या कसोटीवर त्यांचं लायसन्स जातं. मला ते आवडत नाही, तरी जातं. फक्त त्या कसोटीत मग सेकंद मोजून भाडं वाटणारा अ‍ॅपही उभा करावा लागेल. त्याचा कोड कुणीतरी माझ्यासारख्यानेच लिहिला असणार, आणि त्याला चालवायला लायसन्स लागत नाही.