बीळ बुजवणे कुणाचे काम?

सोलापूर रस्त्यावरच्या लोणी काळभोरला पुण्याचे पाणी दोन वाटांनी येते. एक वाट मुळा-मुठेची. शहरातून सगळे काही सोबत घेऊन निघालेली ही नदी इथून थेऊरकडे वळते. दुसरी वाट नव्या मुठा उजव्या कालव्याची. खडकवासल्यातून निघालेला हा कालवा हडपसर, फुरसुंगी, लोणी असा पुढे दौंड-इंदापूरकडे जातो. वरच्या अंगाला टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला ही चार धरणे आहेत. वर कुणाचा हलगर्जीपणा झाला की त्याची झळ खालच्या शिवाराला बसते. म्हणूनच जबाबदारी म्हणजे काय, हा प्रश्न इथल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने नुसत्या नीतिपाठाचा नाही.

या खोऱ्याने सर्वांत मोठा धडा १२ जुलै १९६१ रोजी घेतला. त्या सकाळी आंबी नदीवरचे पानशेत धरण फुटले आणि त्याच दिवशी, एकोणिसाव्या शतकापासून उभे असलेले खडकवासलाही फुटले. पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. अतिवृष्टी झाली होती हे खरे, पण धरण केवळ पावसाने गेले नाही. काम अपुरे असताना पाणी अडवले गेले होते. पाणी सोडण्याचे दरवाजे पुरते बसवलेले नव्हते. मातीच्या भरावाखालून जाणाऱ्या मोरीची कमान साध्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची होती, तिच्यात लोखंडी सळ्या नव्हत्या. अर्धवट दरवाजांतून मोरीत घुसलेल्या पाण्याच्या दणक्यांनी वरचा भराव खचत गेला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी सकाळी धरण गेलेच. चौकशी आधी न्या. बावडेकर यांच्याकडे होती. ती पुरी होण्याआधीच त्यांचे निधन झाले आणि काम न्या. नाईक यांच्याकडे गेले.

या हकिकतीत सर्वांत महत्त्वाचे काय असेल, तर बारीकसारीक तपशील. कमान, सळ्या, दरवाजे, ठरल्या मुदतीआधी पाणी भरण्याची घाई. ‘निसर्गाचा कोप’ एवढेच लिहून दप्तर बंद झाले असते, तर पुढच्या अभियंत्याच्या हाती काय लागले असते? सळ्यांविना बांधलेली कमान हे कारण कागदावर आले, म्हणून ती चूक टाळता येण्याजोगी झाली.

पण लिहिलेले कायम लक्षात राहते असे नाही. २७ सप्टेंबर २०१८ रोजी भर सकाळी पुण्यात पर्वतीच्या जनता वसाहतीजवळ हाच मुठा उजवा कालवा फुटला. दांडेकर पुलाच्या परिसरातल्या शेकडो घरांत पाणी शिरले आणि ज्यांचे हातावर पोट होते त्यांचे संसार भिजले. तेव्हाच्या जलसंपदा मंत्र्यांनी उंदीर, घुशी आणि खेकडे यांनी भराव पोखरल्याचे सांगितले. वर्षही झाले नाही तोच, २ जुलै २०१९ च्या रात्री, चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि भेंदवाडी वाहून गेली. गळती होत असल्याचे गावकऱ्यांनी आधीच कळवले होते. या वेळीही एका मंत्र्यांनी खेकड्यांकडेच बोट दाखवले.

या विधानांवर महाराष्ट्र हसला आणि चिडलाही. मात्र त्या हसण्यात एक गोष्ट निसटली. खेकडे आणि घुशी मातीचा भराव खरोखरच पोखरतात. कालव्याकाठी शेती करणाऱ्या कुणालाही विचारावे. पाट फुटून रात्री उसात पाणी शिरते, तेव्हा सकाळी बहुतेक वेळा बीळच सापडते. शेतकरी ते बुजवतो, वर चिखल तुडवतो आणि पुढच्या पाळीला आधी त्याच जागी जाऊन बघतो. म्हणजे खेकड्याचे कारण खोटे नव्हते, ते अर्धे होते. बीळ पडणार हे ठाऊक असताना भरावावरून फिरायचे कुणी, शेवटचे कोण फिरले, त्याला काय दिसले आणि ते कळूनही दुरुस्ती का झाली नाही, हे उरलेले अर्धे. जबाबदारी असते ती या दुसऱ्या अर्ध्यात. तिथपर्यंत कुणी पोचलेच नाही, तर तेच बीळ पुढच्या वर्षी दुसऱ्या गावात पडते.

दोषी शोधला की काम संपले, असेही नाही. टेमघर हे याचे जवळचे उदाहरण. या धरणाच्या मोठ्या गळतीवरून २०१६ साली अधिकारी आणि ठेकेदारांवर गुन्हे दाखल झाले. ते आवश्यकच होते, पण गुन्हा नोंदवल्याने एक थेंबही थांबला नाही. गळती थांबवण्यासाठी धरणाच्या अंगात भोके पाडून सिमेंटचे मिश्रण भरावे लागले आणि तेव्हा कुठे ती बरीच कमी झाली. शिक्षा आणि दुरुस्ती ही दोन स्वतंत्र कामे आहेत. आपल्याकडे पहिल्याची मागणी मोठ्या आवाजात होते. दुसऱ्याचा पाठपुरावा करायला मात्र फारसे कुणी उरत नाही.

आणि ही जबाबदारी फक्त सरकारपुरती नाही. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून लोणीच्या शिवाराजवळून जाते. मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचे वापरलेले पाणी जुन्या कालव्यात, म्हणजे इथल्या बोलीत बेबी कॅनॉलमध्ये, सोडले जाते आणि त्यावर खालची शेती भिजते. शहरातल्या ज्या माणसाला कालवाफुटीचा राग येतो, त्याच्याच मोरीतून हे पाणी निघालेले असते.

धरणफुटीच्या अनुभवांतून देशाने डिसेंबर २०२१ मध्ये धरण सुरक्षा कायदा केला. त्यानुसार पावसाळ्याआधी आणि नंतर धरणांची तपासणी बंधनकारक आहे. हा खरा धडा. पण या कायद्याने धरणाच्या व्याख्येतून कालवे वगळले आहेत. जनता वसाहतीत फुटला तो कालवाच होता आणि लोणी काळभोरच्या शिवारातून वाहतो तोही कालवाच. खडकवासला ते फुरसुंगी बोगदा काढायची योजना आहे. ती झाली तरी फुरसुंगीपुढचा उघडा भराव तसाच राहील. म्हणून पाटबंधारे खात्याने दर उन्हाळ्यात कालव्याच्या भरावाची पाहणी करावी. कुठल्या किलोमीटरला काय आढळले, दुरुस्ती कुणाकडे आहे आणि ती कधी होणार, हे काठच्या प्रत्येक गावाच्या ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावे. आणि ग्रामसभेने पुढच्या वर्षी तोच कागद काढून, त्यातले काय झाले आणि काय राहिले, हे विचारावे.