पाळत ठेवणाऱ्याला हक्क असतो का?

विहाराच्या अभ्यासिकेत एक पोरगा येतो. एकोणीस-वीसचा. बाप नाक्यावर उभा राहतो, काम मिळालं तर मिळालं. आई चार घरची धुणीभांडी करते. मागं एकदा त्यानं मला विचारलं, "दादा, आय.बी.चा फॉर्म भरू का?" सिक्युरिटी असिस्टंटची जागा. दहावी पास पाहिजे, स्थानिक भाषा यायला पाहिजे, एस.सी.च्या जागा जाहिरातीत वेगळ्या छापलेल्या. मी काही बोलायच्या आत बाजूला बसलेला आमचा एक कार्यकर्ता भडकला. "भर की! उद्या आपल्याच मीटिंगला मागच्या खुर्चीवर बस आणि आपलीच नावं लिही!" पोरगा खाली बघायला लागला. मीही गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचीच मला लाज वाटते, म्हणून हे लिहितोय.

मागच्या खुर्चीवरचा माणूस तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. साधा शर्ट, खिशात छोटी डायरी, घोषणा देताना ओठ बंद. आपल्या वस्तीत येतो तो बहुतेक राज्य पोलिसांचा असतो, दिल्लीच्या आय.बी.चा नव्हे. पण आपण सगळ्यांना एकच नाव ठेवलंय, सीआयडी. सरकारनं आपल्यावर पाळत का ठेवावी, हा प्रश्न आपण शंभरदा विचारलाय आणि विचारतच राहणार. मला पडलेला प्रश्न दुसरा आहे. नोकर म्हणून त्या माणसाला काही हक्क आहेत का? आणि नसतील, तर आपल्याला त्याचं काय?

पोरगा पास झाला तर काय सोडून आत जाईल ते आधी बघू. १९८५ साली संसदेनं गुप्तचर संघटनांतल्या नोकरांचे हक्क कमी करणारा कायदा केला. आय.बी. आणि रॉ, दोन्ही त्यात. त्या कायद्यानं युनियन करायची नाही, राजकीय संघटनेत जायचं नाही, वर्तमानपत्राशी बोलायचं नाही. मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. निव्वळ सामाजिक, करमणुकीची किंवा धार्मिक मंडळं मात्र चालतात. म्हणजे भजनी मंडळ काढा, सत्यनारायण घाला, पत्ते कुटा. पगाराबद्दल, बढतीबद्दल चार जण एकत्र बसलात की गुन्हा. आता आपली जयंती कमिटी यातल्या कुठल्या खणात बसते? तेही सरकारच ठरवणार.

हा कायदा आभाळातून पडला नाही. १९७९ साली आय.बी.तल्या कर्मचाऱ्यांनी आपली संघटना काढली होती. कुठलीही संघटना निघते तशीच निघाली. आय.बी.च्या वरच्या खुर्च्यांवर बाहेरून आय.पी.एस.वाले येऊन बसतात आणि खालचा माणूस एकाच पायरीवर म्हातारा होतो, हे दुखणं तिथलं जुनंच. रॉमध्येही १९८० साली कर्मचारी संपावर उतरले. मग १९८० सरताना आय.बी.च्या संघटनेतल्या पुढाऱ्यांना बडतर्फीचा कागद मिळाला. आरोपपत्र नाही, चौकशी नाही, साक्षीपुरावा नाही. घटनेचं ३११ वं कलम सरकारी नोकराला सांगतं की तुझं ऐकून घेतल्याशिवाय तुला काढणार नाही. पण त्याच कलमाच्या पोटात एक पळवाट आहे. राज्याच्या सुरक्षिततेसाठी चौकशी करणं इष्ट नाही असं राष्ट्रपतींचं किंवा राज्यपालांचं समाधान झालं, की चौकशी नाही. ती वाट वापरली. माणसं कोर्टात गेली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे समाधान कोर्टाला तपासता येतं. पण आतले कागद गुप्त म्हणून सरकार अडवून ठेवू शकतं. शेवटी माणसं हरली. जी फाईल बघायलाच मिळत नाही ती खोटी आहे हे सिद्ध कसं करायचं, ते ज्याचं त्यानं बघावं.

इथं आपल्याला अडचण आहे, आणि ती लपवायची नाही. ही पळवाट १९८५ ची नाही. ती मूळ घटनेतलीच आहे. ज्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते, तिच्यातली. आपण घटना डोक्यावर घेऊन नाचतो, तिच्यातलं हे वाक्य वाचत नाही. मी वाचलं तेव्हा दोन दिवस बेचैन होतो. मग ३३ वं कलम काढून बघितलं. कोणाचे मूलभूत हक्क कमी करता येतील ते त्यात आहे. मूळ मजकुरात सैन्य आणि सुव्यवस्था राखणारी दलं, एवढेच होते. गुप्तचर खात्याचे नोकर त्यात नव्हते. ते १९८४ च्या ५० व्या घटनादुरुस्तीनं घुसवले. आधी माणसं काढली, मग घटना बदलली, मग कायदा केला.

आणि याच बाबासाहेबांनी १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात औद्योगिक कलह विधेयकाला विरोध केला होता. संप म्हणजे फार तर करार मोडणं, तो गुन्हा कसा होईल, असं त्यांचं म्हणणं. मनाविरुद्ध राबायला लावून त्याला शिक्षेची भीती घालाल तर ती गुलामगिरी होते. ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्षानं कम्युनिस्टांच्या जोडीनं एक दिवसाचा संपही केला. तेव्हा घटनेतलं एक वाक्य दाखवून कोणी मला गप्प करू नये. बाबासाहेबांचीच दोन टोकं मी समोरासमोर ठेवतोय, आणि ती पूर्ण जुळत नाहीत.

सुरक्षेचा मुद्दा फालतू आहे असं मी म्हणत नाही. सीमेवर गोळीबार चालू असताना वायरलेसवरचा माणूस भत्त्यासाठी उठून गेला तर मरणारा जवान आपल्यातलाच असतो. संपाचा हक्क नको, मान्य. पण संप करणं आणि आपलं म्हणणं ऐकवणं यांत फरक आहे की नाही? बंद खोलीत, गुप्ततेची शपथ घालून ऐका, पण ऐका. इंग्लंडमध्येही हेच झालं. चेल्टनहॅमला त्यांचं जी.सी.एच.क्यू. आहे, जगभरचे संदेश पकडून वाचणारं खातं. १९८४ च्या जानेवारीत थॅचर सरकारनं तिथली युनियन बंद केली. हक्क सोडा, हे घ्या हजार पौंड, असा सौदा. बहुतेकांनी घेतले. १४ जण शेवटपर्यंत अडून बसले, त्यांना काढलं. १९९७ मध्ये सरकार बदललं आणि बंदी उठली. त्यानंतर तो देश काही बुडाला नाही. आपल्याकडची घटनादुरुस्ती त्याच १९८४ सालची. आपल्याकडची बंदी अजून आहे.

आता माझ्या मनातली घाण सांगतो. आमच्या गिरणीत रिंग खात्यात एक साइडर लेबर ऑफिसरच्या कानाला लागलेला होता. कोण युनियनची पावती फाडतं, कोण मुतारीत काय बोलतं, सगळं वर जायचं. एक दिवस त्यालाच गेटवर अडवलं. वरच्यांचं आपसात काही बिनसलं असेल. ना चार्जशीट, ना चौकशी. तो रडत युनियनच्या खोलीत आला. मीटिंगमध्ये त्याचा विषय निघाला तेव्हा मी उठून बोललो, कुत्र्यासाठी कशाला भांडायचं? टाळ्या पडल्या. चार-पाच महिन्यांनी आमच्या तिघांना तसंच गेटवर अडवलं. आम्ही नियम दाखवला. वरून उत्तर आलं, मागच्या वेळी हा नियम तुम्हाला आठवला नव्हता? ते तिघे अडकले नसते तर मला तो साइडर परत आठवला असता का? नसता. हेही खरं आहे ते लिहून ठेवतो.

माझा त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही. मुद्दा माझ्या दयेचा नाहीच. त्याला जे सांगितलं ते तो वर नेत होता, कारण त्याला नाही म्हणता येत नव्हतं. आय.बी.तल्या किंवा स्पेशल ब्रँचमधल्या माणसाचं बघा. उद्या साहेबानं सांगितलं, या पोरांच्या मीटिंगमध्ये स्फोटकांची चर्चा झाली असं लिही. तो म्हणाला, साहेब, तिथं तर फक्त स्कॉलरशिपबद्दल बोलले. हे वाक्य बोलायला त्याच्या पाठीशी काय आहे? युनियन नाही. पेपरात जाता येत नाही. साहेबाच्या मनात आलं तर चौकशीशिवाय नोकरी जाऊ शकते. पोलिसांवर १९६६ चा तसाच कायदा आहे. मुंबईच्या पोलिसांनी संघटना केली होती, ती ऑगस्ट १९८२ मध्ये मोडून काढली. तेव्हा गिरण्यांचा संप चालूच होता. तर, असा माणूस साहेबाला हवं तेच लिहील. आणि त्या कागदावर आपला पोरगा आत जाईल. त्याचं तोंड बांधलेलं असणं आपल्याला असं येऊन लागतं.

आत अन्याय झाला तर काय होतं त्याचा एक नमुना. रॉमधल्या एका महिला अधिकाऱ्यानं लैंगिक छळाची तक्रार केली. २०२० साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं की ती तक्रार हाताळताना तिच्या मूलभूत हक्कांचा भंग झाला, १ लाख रुपये भरपाई द्या. आणि त्याच निकालात तिची सक्तीची निवृत्ती कायम केली. गुप्तचर म्हणून ओळख उघडी पडली तर घरी पाठवता येतं, असा १९७५ चा नियम. ओरडलं की ओळख उघडी पडणारच! आपल्या लोकांचं आत काय चालतं, बढतीच्या यादीत आपण कुठं आहोत, हे विचारायची सोयही नाही. २००५ च्या माहिती अधिकारातून ही खाती वगळलेली आहेत. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचा भंग, एवढाच अपवाद.

आणि मित्रांनो, हे काम आपल्याला नवीन आहे का? वेशीवर बसणारा वेसकर कोण होता? गावात कोण आलं, कोण गेलं, हे पाटलाला सांगायचं. सरकारी खलिता पुढच्या गावाला पोचवायचा. हद्दीच्या भांडणात साक्ष द्यायची. वेळकाळ नाही, नाही म्हणायची सोय नाही, आणि गावात चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावरच. १८७४ च्या वतन कायद्यानं ही बांधिलकी पक्की करून टाकली. बाबासाहेबांनी १९२८ साली त्याविरुद्ध मुंबई कौन्सिलात बिल आणलं, आणि ती वतनं कायद्यानं गेली १९५८ साली. आज्यानं वेशीवर जे बिनहक्काचं केलं, तेच नातवानं महिन्याच्या पगारावर करायचं. पगाराचा फरक लहान नाही, हे मी नाक्यावरच्या बापाच्या पोराला कुठल्या तोंडानं नाकारू?

आणखी एक गोष्ट मला सोडत नाही. बाबासाहेब आणि अस्पृश्यांच्या चळवळीच्या साधनांचा पहिला खंड महाराष्ट्र शासनानं १९८२ साली छापला. त्यातला बराच मजकूर मुंबई पोलिसांच्या गुप्त अहवालांतून घेतलेला आहे. कुठं सभा झाली, किती माणसं होती, कोण काय बोललं. आपण आज अभ्यासवर्गात ते अभिमानानं वाचतो. ते लिहिणारा कोणीतरी मागच्या खुर्चीवरच बसलेला होता. त्यानं जसं झालं तसं लिहिलं तेवढंच आपल्या हातात आलं. त्याला वरून कोणी काय लिहायला सांगितलं होतं, ते आपल्याला कधी कळणार नाही.

त्या पोराला मी परवा गाठलं. फॉर्म भर म्हणालो. १९८५ चा कायदा छापून त्याच्या हातात दिला आणि ३११ व्या कलमाखाली पेनानं रेघ मारून दिली. सही करायच्या आधी हे वाच, आणि खोटं लिहायला सांगितलं तर काय करशील ते आत्ताच ठरव. तो म्हणाला, "दादा, नाही म्हटलं तर नोकरी जाईल ना?" मी म्हणालो, जाईल. त्यानं विचारलं, "मग तुम्ही लोक माझ्यासाठी भांडाल का?"

आमचा तो कार्यकर्ता शेजारीच बसला होता. या वेळी तो काही बोलला नाही. येत्या रविवारच्या बैठकीत पोराचा हा प्रश्न मी विषय म्हणून टाकलाय.