चालू इंजिनाजवळ बसून

बसा. इंजिनाला अगदी खेटून नको, पट्टा फिरतो आहे. थारोळ्याच्या काठावर बसा, पाठ सैल सोडा. डोळे मिटले तरी चालतील, कान तेवढे उघडे राहू द्या.

ही रात्र माझ्या लहानपणची आहे, ती तुमच्या हाती देतो. हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं साखरा. जानेवारी महिना. पूर्णेवरचं येलदरी धरण याच टापूतलं, पण आमच्या रानाची भिस्त विहिरीवर. लाईट नाही, गहू ओंबीवर आलेला, म्हणून डिझेल इंजिन लावलं आहे. थारोळ्यात पाणी पडतं, तिथून दांडानं अंधारात निघून जातं. पुढं वाफ्यात आबा खोऱ्या घेऊन उभे आहेत. ते दिसत नाहीत, त्यांचं खाकरणं तेवढं ऐकू येतं.

आता नुसतं ऐका. आवाज एकसुरी वाटेल. थोडा वेळ जाऊ द्या, म्हणजे त्यातले ठोके सुटे होतील. मिनिटाला 1500 फेरे, आणि दर दोन फेऱ्यांमागे नोझल एकदा डिझेल फवारतं. म्हणजे सेकंदाला बारा-तेरा वेळा. या इंजिनात ठिणगी नाही. हवा सोळा-सतरा पट दाबली की ती इतकी तापते की त्यात पडलेलं डिझेल आपलं आपण पेटतं. रुडॉल्फ डिझेलनं 1897 साली जर्मनीत हे चालवून दाखवलं, आणि आज त्याचं नाव आपण बाटलीत भरून आणतो. तो माणूस आपल्या गव्हापर्यंत पोचला, याचं मला अजून नवल वाटतं.

एक श्वास घ्या. सोडा. ऐकत राहा.

आवाज जरा वर गेला. खाली आला. पुन्हा वर. मिस्त्री म्हणतात, इंजिन हंटिंग करतंय. मग तो खोल खोल जातो, दोन ठोके लांब पडतात, आणि बंद. थारोळ्यात उरलेलं पाणी टपटपतं. इतका वेळ रातकिडे ओरडत होते, ते आता कळतं.

या क्षणी आपले हात काय करू पाहतात, तिकडे लक्ष द्या. हात लगेच हँडलकडे जातात, पान्ह्याकडे जातात. काहीतरी सोडवावं, काहीतरी आवळावं. मीही धावलो होतो. अंधारातून आबा म्हणाले, “थांब रं. हात नको लावू. आधी आठव, बंद कसं पडलं?”

मला आठवेना. मी ऐकलंच नव्हतं.

आठ दिवस असंच चाललं होतं. इंजिन बंद पडलं की आम्ही पहिल्यांदा टाकीचं झाकण उघडून डिझेल किती आहे ते बघायचो. डिझेल असायचं. झाकण लावायचं, पाईपचा नट ढिला करून एअर काढायची, हँडल मारायचं. इंजिन चालू. एअर धरली होती, काढली, झालं. फिल्टर बदलला, वायसर बदलले, मिस्त्रीनं नोझल तपासून दिलं. प्रत्येक वेळी इंजिन चालू झालं, आणि प्रत्येक वेळी आम्हाला वाटलं, दोष सापडला.

इथे जरा थांबा. या गोष्टीतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते इथेच आहे. डिझेल बघायला झाकण उघडलं, आणि त्या उघडण्यातच दोष पुसला जात होता. श्रेय मात्र पान्ह्याला मिळत होतं. अधूनमधून येणारा दोष असाच असतो. बंद इंजिनाजवळ तो सापडत नाही, कारण आपण तिथे पोचतो तेव्हा तो निघून गेलेला असतो. त्याला भेटायचं तर इंजिन सुरळीत चालू असताना, कोणालाच काळजी नसताना, जवळ बसावं लागतं.

आबांनी मला तसं बसवलं. हातात घड्याळ, मांडीवर शाळेची वही. टाकी काठोकाठ, सहा मिनिटं. टाकी अर्धी, पंधरा मिनिटं. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. मनाला वाटेल तेव्हा बंद पडणारं इंजिन वहीत आल्यावर वेळापत्रकानं बंद पडत होतं. आणि ते वेळापत्रक उलटं होतं. टाकी भरलेली असली की लवकर.

हे सावकाश मनात आणा. टाकी इंजिनाच्या वर आहे, डिझेल आपल्या वजनानं खाली उतरतं. जेवढं उतरेल तेवढी हवा वरून आत यायला हवी. त्यासाठी झाकणाला एक छिद्र असतं, सुईच्या जाडीचं. ते बुजलं, तर वरची थोडीशी हवा ताणली जाते आणि डिझेलला मागे धरून ठेवते. टाकी अर्धी असेल तर ताणायला हवा बरीच असते, इंजिनाला वेळ मिळतो. काठोकाठ टाकीत हवा बोटभर. ती लगेच ताणते, आणि काठोकाठ डिझेलखाली इंजिन उपाशी राहतं.

तिसऱ्या रात्री इंजिन खाली बसताच आबांनी झाकण फिरवलं आणि कान जवळ नेला. फुस्. इतका बारीक आवाज की थारोळं वाहत असतं तर ऐकू आला नसता. टाकीनं हवा ओढून घेतली होती. झाकण बॅटरीच्या उजेडात उलटं धरलं. शेजारीच तुरीची मळणी झाली होती. तिचा भुसा आणि डिझेल मिळून छिद्रात काळा, चिकट गोळा बसला होता, मोहरीपेक्षा लहान. आबांनी बाभळीचा काटा मोडून आणला आणि हळूच आरपार घातला.

पुढे कितीतरी वर्षांनी तारकर्लीच्या किनाऱ्यावर जेट-स्की बघताना मला हे झाकण आठवलं. तिच्यातही पेट्रोलच्या टाकीला श्वासाची वाट लागते, आणि ती चोंदली की यंत्र भर पाण्यात असंच मिटतं. तिथे आणखी एक गोष्ट असते: चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली दोरी. तिची चिमटी झिजली की लाटेच्या धक्क्यानं क्षणभर सुटते आणि इंजिन तोडल्यासारखं एकदम बंद होतं. हंटिंग नाही, काही नाही. इंधन कमी पडलं तर आवाज सहसा आचके देत खाली जातो, वीज तुटली तर एका ठोक्यात जातो. कानाला हा फरक कळला की अर्धं काम झालं. जेट-स्कीत तो आधी कळलेला बरा, कारण ती मागे फेकलेल्या पाण्याच्या जोरावरच वळते. इंजिन गेलं की हँडल कितीही फिरवा, ती आपल्या वेगानं सरळ जात राहते. अंगात लाईफ जॅकेट हवं आणि पुढे मोकळं पाणी हवं. पुन्हा चालू करण्याआधी सीट उघडून आत साचलेली पेट्रोलची वाफ जाऊ द्यायला हवी.

परत साखऱ्याला या. आबांनी हँडल मारलं आहे. टाकी मुद्दाम काठोकाठ भरली आहे. वही तुमच्या मांडीवर आहे. पाणी दांडाला लागलं, मातीचा ओला वास आला. पाचवं मिनिट. आवाजात उतार शोधा. सहावं. तुमचा श्वास अडला असेल तर सोडा. सातवं. दहावं. गार वारं सुटलं आहे, पट्टा तसाच फिरतो आहे. विसाव्या मिनिटाला अंधारातून हाक येते, “वाफा भरला रे, ये, दारं मोड.”