प्रार्थनेचा उपयोग काय?



दृढीकरणाच्या वर्गात आणि विवाहपूर्व शिबिरात आम्हां धर्मगुरूंना एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारी मुले उद्धट नसतात. उलट थोडे हसत, थोडे संकोचत विचारतात, ‘‘फादर, प्रार्थना केल्याने नेमके काय होते?’’ आणि आपण वडीलधारी मंडळी, म्हणजे आम्ही धर्मगुरू, धर्मशिक्षक आणि आईवडील, घाईघाईने उत्तर देतो: मन शांत होते, अभ्यासात लक्ष लागते, कुटुंब एकत्र राहते.

हे उत्तर खोटे नाही, पण तोकडे आहे आणि मुलांना ते लगेच कळते. मनःशांती पहाटे किनाऱ्यावर फेरफटका मारूनही मिळते. एकाग्रतेसाठी योगवर्ग आहेत. कुटुंब तर रविवारी हॉटेलात जेवायला गेले तरी एका टेबलाभोवती बसते. जे काम दुसऱ्या कशानेही होते त्यासाठी रोज संध्याकाळी गुडघे कशाला टेकायचे? प्रार्थना म्हणजे एखादे टॉनिक आहे अशी तिची जाहिरात आपणच करतो आणि बाजारात दुसरे टॉनिक आले की ‘समाज सेक्युलर झाला हो!’ म्हणून गळा काढतो.

या ‘सेक्युलर’ शब्दाशी थोडे थांबू या, कारण त्याच्याबद्दल आपला मोठा घोटाळा होतो. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी आपल्या संविधान सभेत उद्देशिकेवर चर्चा चालू होती. ह. वि. कामत यांनी दुरुस्ती सुचवली की उद्देशिकेची सुरुवात देवाच्या नावाने व्हावी. पूर्णिमा बॅनर्जी यांनी विनंती केली की देवावर मतदान करण्याची पाळी आमच्यावर आणू नका. पंडित हृदयनाथ कुंझरू यांचे म्हणणे असे, की ही प्रत्येकाच्या अंतःकरणातली बाब आहे. त्यात बहुमताचा विचार कोणावर लादता कामा नये. कामत मागे हटले नाहीत. मतदान झाले. दुरुस्तीच्या बाजूने ४१ मते पडली, विरुद्ध ६८. देवाचे नाव उद्देशिकेत आले नाही. पुढे १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीने ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द तिथे आला.

त्या दिवशी देव हरला का? आम्हांला तसे मुळीच वाटत नाही. प्रेषितांच्या काळापासून ख्रिस्तसभेने पुष्कळ राजे पाहिले आहेत. देवाचे नाव घेऊन छळ करणारेही पाहिले, आणि खरे सांगायचे तर आपल्याच देवाचे नाव घेऊन इतरांचा छळ करणारेही पाहिले. जबरदस्तीने केलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्यावरील आपल्या जाहीरनाम्यात मान्य केले. आपल्या संविधानाने ते त्याआधीच मान्य केले होते. मंत्र्याने ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी, दोन्ही वाटा तिथे मोकळ्या आहेत. अल्पसंख्य म्हणून आपण त्या ६८ जणांचे ऋणी राहिले पाहिजे. तेव्हा शासन सेक्युलर आहे ही आपली अडचण नाही.

आपल्या अडचणीला कोणत्याही कायद्याची गरज लागली नाही. ती दाराची कडी न वाजवता आत आली.

कॅनडाचे कॅथलिक तत्त्वज्ञ चार्ल्स टेलर यांनी २००७ साली एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी विचारले आहे की १५०० च्या सुमारास पाश्चात्त्य समाजात देवावर विश्वास न ठेवणे जवळजवळ अशक्य होते, मग पाचशे वर्षांनी तेच इतके सोपे कसे झाले? त्यांच्या मते विज्ञानाने श्रद्धेला हरवले, असे घडलेले नाही. श्रद्धा ही अनेक पर्यायांतला एक पर्याय होऊन बसली. टेलर हे क्वेबेक प्रांतातले. तिथे १९६० नंतर एका पिढीच्या आत भरलेली चर्चेस रिकामी झाली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

आपल्या वसईत तसे झालेले नाही, आणि म्हणूनच आपण गाफील आहोत. रविवारच्या मिस्साला आपले चर्च भरते. सणाला तर आवारातही उभे राहायला जागा नसते. फलक मोठे झाले, रोषणाई वाढली, लग्नाच्या वरातीतला डीजे तर विचारूच नका. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, इथे धर्माचे किती छान चालले आहे! पण सोमवार ते शनिवार काय? ज्या गावाचा दिवस वाडीतल्या पाण्याच्या पाळीवर आणि समुद्राच्या भरतीवर चालत होता, त्याचा दिवस आता चर्चगेटच्या लोकलवर चालतो. विरारहून चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर. जाताना उभे, येताना उभे. सांजवेळची आंजेलूसची घंटा वाजते तेव्हा घरातली कर्ती माणसे बोरिवली आणि भाईंदरच्या मध्ये कुठे तरी लटकत असतात. घरी आल्यावर प्रत्येकाच्या हातात मोबाईल. प्रार्थना करू नका असे कोणी सांगितलेले नाही. फक्त तिची वेळ उरलेली नाही. शेजारच्या हिंदू घरांतून दिवेलागणीला शुभंकरोतीचे सूर यायचे, तेही आता क्वचितच कानी पडतात. या बाबतीत सगळे शेजारी एकाच नावेत आहेत.

(लोकलच्या डब्यात उभ्या उभ्या हातातल्या मण्यांवर रोझरी म्हणणाऱ्या भगिनी आपल्या धर्मग्रामात आहेत, हे आम्हांला ठाऊक आहे. वरचे परिच्छेद त्यांच्यासाठी नाहीत.)

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि चर्चची दारे बंद झाली. महाराष्ट्रात ती नोव्हेंबरमध्ये उघडली, पुढच्या वर्षी पुन्हा मिटली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडली. त्या काळात कितीतरी घरांत वर्षांनंतर पहिल्यांदा सगळे मिळून रोझरी म्हणत होते. भीती होती, वेळ होता आणि बाहेर जायला जागा नव्हती. मग चर्च उघडले. लोक परतले, याचा आनंद झाला. पण घरातली संध्याकाळची प्रार्थना त्याच सुमारास पुन्हा हळूच बंद पडली. पोप फ्रान्सिस यांनी २०२५ च्या ज्युबिलीची तयारी म्हणून २०२४ हे प्रार्थनेचे वर्ष पाळायला सांगितले होते. त्याचे फलक आपण लावले आणि वर्ष संपल्यावर काढले.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. तो साधा नाही. मोठमोठ्या विचारवंतांनी तो विचारला आहे. देव जर सर्वज्ञ असेल तर त्याला सांगायचे काय? प्रभू येशूनेच मत्तयच्या शुभवर्तमानात म्हटले आहे की आपण मागण्यापूर्वी पित्याला आपल्या गरजा ठाऊक असतात. जर्मन तत्त्वज्ञ इम्मॅन्युएल कांट यांनी १७९३ साली लिहिलेल्या ग्रंथात जवळजवळ हाच मुद्दा काढला: देवाला आपल्या इच्छा कळवण्याची गरज नाही, चांगले वागण्याची अखंड वृत्ती हीच काय ती खरी प्रार्थना. आजचा सुशिक्षित तरुण कांट न वाचताही हेच म्हणतो, ‘‘फादर, मी कोणाचे वाईट करत नाही, तीच माझी प्रार्थना.’’

संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात याला जे उत्तर दिले ते आपल्या शेतकऱ्यांना चटकन कळेल. आपण देवाचे मन वळवायला प्रार्थना करत नाही. देवाने जे आपल्याला प्रार्थनेतूनच द्यायचे ठरवले आहे, ते मिळावे म्हणून करतो. भात देवच देतो, पण आवणीतून देतो. आवणी केली नाही आणि ‘देवाला द्यायचेच असेल तर देईल’ म्हणून बांधावर बसून राहिले तर शेतात गवत येते. संत ऑगस्टीन यांनी सन ४१२ च्या सुमारास प्रोबा नावाच्या रोमन विधवेला लिहिलेल्या पत्रात आणखी एक गोष्ट सांगितली आहे. देव आपली मागणी ऐकण्यासाठी खोळंबलेला नसतो. मागता मागता आपली इच्छाच मोठी व्हावी, त्याचे देणे मावेल एवढी व्हावी, असे त्याला वाटते. रोज मागणारा माणूस हळूहळू मागायला शिकतो. कांट ज्याला अखंड वृत्ती म्हणतात ती कुठून तरी यावी लागते. आमच्या पाहण्यात तरी ती आपोआप आलेली नाही.

पण एवढ्याने प्रश्न मिटत नाही. धर्मग्रामातली एखादी तरुण आई कॅन्सरने आजारी पडते, नऊ दिवस नोव्हेना होते, घरोघर मेणबत्त्या लागतात आणि दहाव्या दिवशी ती जाते. तिच्या नवऱ्याला अक्विनास सांगायचा? त्या घरी गेल्यावर आम्ही काही सांगत नाही, बसून राहतो. गेथशेमनी बागेत पुत्राने पित्याकडे मागितले, तीनदा मागितले, आणि ते टळले नाही. ख्रिस्ती प्रार्थनेचा विचार तिथून सुरू करावा लागतो. जिथे मागितलेले मिळाले नाही, तिथेही पुत्र पित्याशी बोलायचा थांबला नाही. उपयोगाच्या मापाने मोजले तर ती प्रार्थना वाया गेली.

आम्हांला खरी काळजी आहे ती या मापाचीच. ‘काय उपयोग?’ हे माप एकदा हातात घेतले की ते प्रार्थनेपाशी थांबत नाही. ते माणसांनाही लागते. आतल्या खोलीत तीन वर्षे पडून असलेल्या आजीचा काय उपयोग? ती ओळखत नाही, बोलत नाही, बरी होणार नाही. तिच्या औषधपाण्याची सोय चोख असते, बाई ठेवलेली असते, मुले खर्चाला मागेपुढे पाहत नाहीत, हे मान्यच करायला हवे. पण तिच्यापाशी नुसते बसायला कोणी नसते, कारण बसून काही होत नाही. ज्याला वीस मिनिटे काहीही हाती न लागता देवापाशी बसण्याची सवय नाही, त्याला आजीच्या खाटेपाशी पाच मिनिटेही जड जातात. निष्फळ वाटणाऱ्या वेळात जागच्या जागी टिकून राहणे, ही प्रार्थनेतली पहिली शिकवण.

इथे कोणी म्हणेल, प्रार्थना न करणारेही हे करतात. बरोबर आहे, आणि याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या मुंबईतलेच आहे. परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्या त्याच रुग्णालयात खाटेवर होत्या. तिथल्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना भरवले, पुसले, सांभाळले. त्यांना मृत्यू येऊ द्यावा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली तेव्हा परिचारिकांनी सांगितले की आम्हांला त्यांची सेवा करायची आहे. २०११ साली न्यायालयाने ती याचिका फेटाळली. महापालिकेचे रुग्णालय, सर्व धर्मांचे कर्मचारी. कोणती परिचारिका प्रार्थना करत होती आणि कोणती नव्हती, आपल्याला ठाऊक नाही. विचारायचा अधिकारही नाही. देवाच्या कृपेला बाप्तिस्म्याचा दाखला लागत नाही.

तेव्हा प्रार्थना करणारे आपण इतरांहून चांगले, असा दावा करण्यात अर्थ नाही. त्या परिचारिकांना ती शिस्त त्यांच्या कामाने दिली, पाळीमागून पाळी, वर्षामागून वर्ष. आपल्यासारख्या सामान्य संसारी माणसांना ती कुठे मिळणार? आपली शाळा होती संध्याकाळची रोझरी. ती शाळा आपण बंद केली आणि दुसऱ्या कुठल्या शाळेत नाव घातलेले नाही. जुन्या काळी आपल्या आजीआजोबांनी लितानी लॅटिनमध्ये म्हटली. त्यातला शब्दही त्यांना कळत नव्हता, पण सून बाळंत होती, नवरा बोटीवर होता, घरात आजारी होते आणि ते रोज बसत होते. आपल्याला मराठीतला शब्द न् शब्द कळतो.

ऑक्टोबर हा रोझरीचा महिना. दरवर्षी आम्ही सांगतो की रोझरी सगळ्यांनी मिळून म्हणावी, आणि दरवर्षी उत्तर येते की सगळे एका वेळी घरी नसतात. ठीक आहे. जे दोघे असतील त्यांनी म्हणावी. पाच दशके होत नसतील तर एक म्हणावे. फक्त बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज बारीक करून म्हणू नये. ज्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेले आहे तिथे त्यांच्या खोलीत, त्यांच्या खाटेपाशी बसून म्हणावी. त्यांना कळते की नाही याचा हिशेब करू नये. ज्या घरी आजारी माणसापाशी बसायला दुसरे कोणीच नाही, अशा घरांची नावे आपापल्या छोट्या ख्रिस्ती समूहाच्या प्रमुखांकडे येत्या रविवारपर्यंत द्यावीत. आम्ही आणि समूहातले दोघेचौघे आळीपाळीने येऊ. संध्याकाळी साडेसातनंतर, कारण त्याआधी लोकल पोहोचत नाही.