खोटे भय, खरा हात

लहान मुलाच्या एखाद्या प्रश्नाला आपण हसत हसत उत्तर देतो आणि पुढे अनेक दिवस तो प्रश्न आपली पाठ सोडत नाही. अमेरिकेतील ऑरलँडो येथे आमच्या भाच्याच्या कुटुंबासमवेत आम्ही एका मनोरंजन-उद्यानात गेलो होतो. कार्टूनच्या जगात नेणाऱ्या एका राइडमध्ये सात वर्षांच्या नातवाशेजारी आम्ही बसलो. काही मिनिटांच्या अवधीत आम्ही उंच इमारतींवरून कोसळलो, भिंतींवर आदळता आदळता बचावलो, आणि दारे उघडली तेव्हा जेथून निघालो तेथेच होतो. बाहेर येताना नातवाने विचारले, "फादर आजोबा, आपण खरंच पडलो का?"

"नाही रे बाळा, सगळं खोटं होतं."

"मग मला भीती खरी का वाटली?"

आम्ही त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वेळ मारून नेली. उत्तर मात्र आमच्यापाशी नव्हते.

प्रथम या यंत्राची करामत समजून घेऊ. आपल्या कानाच्या आतील भागात तोल सांभाळणारी नाजूक इंद्रिये असतात. शरीर वेगाने पुढे ढकलले जात आहे की नुसतेच मागे कलले आहे, हा भेद त्यांना स्वबळावर करता येत नाही. त्यासाठी डोळ्यांची साक्ष लागते. या राइडमध्ये नेमकी तीच साक्ष फितूर केली जाते. पडद्यावर गाडी सुसाट सुटते त्याच क्षणी आसन किंचित मागे कलते. पाठीवर पडणारा आपल्याच वजनाचा दाब आपण वेगाचा धक्का समजतो. मग आसन इतके हळू पूर्वस्थितीत येते की ते आपल्या ध्यानीही येत नाही. डोळ्यांची आणि कानाची साक्ष जुळली नाही की पोटात मळमळते. मनाने मान्य केलेली फसवणूक शरीर कधी कधी नाकारते, ती अशी.

हे यंत्र मुळात करमणुकीसाठी जन्मलेले नाही. न्यूयॉर्क राज्यातील एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. प्रार्थनामंदिरात ज्याचे सूर आपण ऐकतो, त्या वाद्याच्या भात्यांचे तंत्र वापरून लिंक यांनी १९२९ साली जमिनीवरच राहणारे, परंतु विमानासारखे कलणारे व वळणारे यंत्र सिद्ध केले. १९३४ साली टपाल वाहून नेणाऱ्या अमेरिकन लष्करी वैमानिकांना अपघातांत प्राण गमवावे लागले, तेव्हा लष्कराने ही यंत्रे विकत घेतली. पुढे सहा पायांवर डोलणारा मंच आला. विमानोड्डाणाच्या सरावासाठी तो कसा वापरता येईल, याविषयीचा स्ट्युअर्ट यांचा निबंध १९६५ सालचा. खऱ्या संकटात प्राण वाचावेत म्हणून खोटे संकट उभे करावयाचे, असा या विद्येचा मूळ हेतू होता.

करमणुकीच्या क्षेत्राने ती विद्या नंतर उचलली. १९९० साली ऑरलँडोचे युनिव्हर्सल स्टुडिओज उघडले, तेव्हा तेथे हॅना-बार्बेरा यांच्या पात्रांची सफर होती. योगी अस्वल आपल्या प्रेक्षकांना घेऊन पळवून नेलेल्या एलरॉय या मुलाच्या शोधात निघत असे. २००८ साली त्याच उद्यानात सिम्प्सन्स कुटुंबाची राइड सुरू झाली. तिची गंमत अशी की, ती मनोरंजन-उद्यानांचीच टर उडवते. रांगेत ताटकळणारा माणूस आपल्याच ताटकळण्यावरचा विनोद पाहून हसतो.

आता प्रश्न असा की, ही फसवणूक सदोष आहे काय? काही पालक म्हणतात, मुलांना आभासाची चटक लागते. काही म्हणतात, चार घटकांची मौज आहे, तिचा एवढा बाऊ कशाला? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. संत ऑगस्टीन यांनी फसविण्यासाठी बोललेले असत्य आणि रंजनासाठी रचलेले असत्य यांत भेद केला होता. राइडमध्ये बसणारा स्वतः तिकीट काढून, जाणून-उमजून बसतो. त्याची संमती आहे, म्हणून हे असत्यभाषण नव्हे. संत थॉमस अक्विनास यांनी तर योग्य प्रमाणातील खेळ हा सद्गुणाचाच भाग मानला. सदैव ताणलेले धनुष्य मोडते, ही जुनी कथा त्यांनीही त्यासाठी सांगितली आहे.

तरीही आमच्या मनातील शंका पूर्णपणे फिटत नाही. तरुणपणी नाट्यगृहात रडणाऱ्या स्वतःची आठवण काढताना ऑगस्टीन एक मार्मिक गोष्ट नमूद करतात. तेथे प्रेक्षकाला दुःख करण्यासाठी बोलावलेले असते, मदतीसाठी नव्हे. हाच भेद या दोन यंत्रांतही आहे. वैमानिकाच्या सरावयंत्रात त्याच्या हाती सुकाणू असते. खोटे संकट त्याला काहीतरी करावयास शिकवते. करमणुकीच्या राइडमध्ये हाती येतो तो केवळ मांडीवरचा दांडा. मुलगा पळविला गेला तरी त्याला सोडविणे आपल्याकडे नसते. आपण फक्त हादरे खावयाचे. पाच मिनिटांपुरते हे ठीकच आहे. परंतु, वाचकहो, ही बैठक आपण घरीही नेत नाही ना? दूरचित्रवाणीवर पूर आणि भूकंप पाहताना आपल्या काळजात खरी कळ उठते, आणि कार्यक्रम संपताच आपण पानावर बसतो. भावना खरी होती, एवढ्यावर समाधान मानण्याची सवय आम्हांला घातक वाटते.

मग नातवाला काय उत्तर द्यावयास हवे होते? त्या सफरीतील एक गोष्ट आम्ही सांगावयाची राहिली. गाडी कोसळू लागली तेव्हा त्याने आमचा हात घट्ट धरला होता आणि आम्हीही तो सोडला नव्हता. मांडीवरचा दांडा प्रत्येकासाठी होता. पण शेजाऱ्याचा हात धरण्याची योजना कोणत्याही यंत्रज्ञाने केली नव्हती. सगळे खोटे होते, हे आमचे उत्तर म्हणूनच चुकले. प्रसंग खोटा होता. भीती खरी होती, आणि त्या भीतीत शेजारच्या माणसाकडे वळणेही खरे होते.

पुढच्या भेटीत आम्ही त्याला एवढेच सांगणार आहोत: "बाळा, आपण पडलो नाही. पण तू हात धरलास, तो खरा. कोणी खरंच पडत असेल, तेव्हाही असाच धर."