आणखी एक वर्ष

अमेरिकेतील बेसबॉलच्या खेळात चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात. त्याचे चार चेंडू ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेले आणि फलंदाजाने ते सोडून दिले, की तो फलंदाज फुकट पहिल्या तळावर जातो. म्हणून नुसत्या वेगाने भागत नाही. वेग आहे, पण ताबा नाही, अशा तरुणासाठी किती काळ थांबावे? प्रश्न खेळाचा दिसतो. आम्हांस तो नीतीचा वाटतो.

सँडी कोफॅक्स १९५५ साली ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळू लागला. पहिल्या सहा हंगामांत ३६ विजय आणि ४० पराभव! मोठी रक्कम देऊन घेतलेल्या नवख्यास दोन वर्षे मुख्य संघातच ठेवावे, असा तेव्हा नियम होता. संघाने त्यास ठेवले खरे, पण खेळविले थोडेच. यास सहनशीलता म्हणावे काय? ते निव्वळ थांबणे झाले. १९६१ मध्ये नॉर्म शेरी या सहकाऱ्याने त्यास जोर थोडा कमी करण्यास सुचविले. त्या वर्षी त्याने १८ सामने जिंकले, १९६३ मध्ये २५.

ही कथा सारेच सांगतात. शेवट गोड आहे ना! आमच्या मनाला मात्र स्टीव्ह डाल्कोव्स्की अधिक टोचतो. त्याच्याइतका वेगवान कोणी पाहिला नाही, असे जुने जाणकार म्हणत. १९६० साली दुय्यम संघात त्याने २६२ फलंदाज बाद केले आणि तितक्याच जणांना फुकट तळ दिला. १९६२ मध्ये अर्ल वीव्हर या प्रशिक्षकाने सूचनांचा भडिमार थांबवून सोपे तेवढेच शिकविले, आणि चेंडू ताब्यात येऊ लागला. पुढच्याच वसंतात कोपर दुखावले. मुख्य स्पर्धेत तो कधीच खेळला नाही. पुढे दारू आणि शेतमजुरी. २०२० मध्ये तो वारला. मग वीव्हरचे श्रम वाया गेले काय?

लूकच्या शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाचा दाखला येथे आठवतो. तीन वर्षे फळ न मिळालेला मालक झाड तोडावयास सांगतो. माळी एक वर्ष मागतो, पण सोबत खणण्याची व खत घालण्याची हमी देतो. तरीही फळ न आल्यास तोडावे, हे त्यासही मान्य आहे. पुढे फळ आले की नाही, हे प्रभूने सांगितलेले नाही. सेमिनरीत असताना आम्हांस तो दाखला अपुरा वाटे.

दहावीला दोनदा नापास झालेल्या मुलाचे वडील “फादर, आणखी किती थांबायचे?” असे विचारतात, तेव्हा आम्ही त्यांना एवढेच विचारतो, की यंदा संध्याकाळी त्याच्याजवळ कोण बसणार आहे?